पार्सलने मागवलेली एक दिवसाची पिल्ले दगावली: दोष हॅचरीचा, गाडीचा की आमचा?

परसदार (दापोली तालुका) यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. आमच्या घरामागे आंब्याच्या बागेला लागून एक लहान शेड आहे आणि तेथे आम्ही काही वर्षांपासून गावठी कोंबड्या पाळतो. अंड्यांना गावातच गिऱ्हाईक मिळत असल्यामुळे या वर्षी थोडा व्याप वाढवावा असे घरात ठरले आणि एप्रिलमध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका खासगी हॅचरीकडून कावेरी जातीची १०० पिल्ले फोनवरून मागवली. पैसे आगाऊ भरले होते. हॅचरीने रिवाजाप्रमाणे दोन टक्के जादा धरून १०२ पिल्ले पुठ्ठ्याच्या एका डब्यात भरली आणि संध्याकाळी सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीत डबा चढवून दिला. पहाटे येणारी गाडी घाटात वाहतूक खोळंबल्यामुळे सकाळी उन्हे चांगली वर आल्यावर पोहोचली. क्लीनरने डिकी उघडली तेव्हा आमच्या डब्याला कोणाची तरी कांद्याची गोणी रेटून लावलेली होती आणि त्या बाजूची सगळी भोके झाकली गेली होती.

डब्याला आतून चार कप्पे होते. गोणीच्या बाजूच्या दोन कप्प्यांत मिळून अकरा पिल्ले मेलेली निघाली. त्यांच्या चोची उघड्या होत्या आणि अंगावरची लव घामेजल्यासारखी ओलसर झाली होती. पलीकडच्या दोन कप्प्यांत एकही पिलू मेलेले नव्हते, पण सगळीच मलूल होती. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देण्याची बंदिस्त जागा, आदल्या रात्रीपासून तापवून ठेवला होता. त्यात पिल्ले सोडली, एकेकाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवून पाणी दाखवले आणि दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा पसरला. दुपारपर्यंत बहुतेक पिल्ले फिरू लागली, त्यामुळे निभावले असे वाटले; मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मर सुरू झाली. काही पिल्ले नुसती वाळल्यासारखी होऊन गेली. पुढे जी गेली त्यांचे पोट फुगलेले, बेंबीपाशी काळपट ओल आणि ढुंगणाला विष्ठा चिकटलेली असे दिसत होते. आठवडा संपला तेव्हा साठच्या आसपास पिल्ले शिल्लक होती.

हॅचरीवाले म्हणतात की डबा गाडीत चढला तेव्हा माल ठणठणीत होता, पुढचे गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला पावतीवर छापलेली ‘जिवंत माल मालकाच्या जबाबदारीवर’ ही ओळ दाखवतो. शेजारचे जाणते लोक सांगतात की ब्रूडिंग नवीन माणसाला जमत नाही, म्हणजे दोष आमचाच. ही मर नेमकी कशामुळे झाली हे आता कळू शकेल काय, भरपाई मागायची झाल्यास कोणाकडे मागावी आणि उरलेली पिल्ले वाचवण्यासाठी काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माणदेशी यांचे उत्तर:

पहिल्यांदा मागवलेल्या मालात इतकी मर होणे नवीन नाही. आमच्याकडे सांगोल्याच्या बाजूला हॅचरीचे डबे एसटीने आणि ट्रॅव्हल्सने सर्रास येतात आणि दर उन्हाळ्यात कोणाचा तरी डबा बसतोच. माझा सरळ हिशोब असा आहे की एका पिल्लामागे दोन वॅट धरावेत, म्हणजे शंभर पिल्लांना शंभराचे दोन बल्ब पुरतात, आणि पिल्ले उतरवल्याबरोबर दुकानात मिळणारी अँटिबायोटिकची पूड पहिले तीन दिवस पाण्यातून द्यावी. मी पूर्वीपासून देतो आणि मला कधी अडचण आली नाही. शनिवारी निघणारा माल मात्र घेऊ नये. रविवारी काही अडले तर दवाखाना बंद असतो आणि हॅचरीचा फोनही कोणी उचलत नाही.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी यांचे उत्तर:

परसदार, आपल्या वर्णनातच उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. पिलू कधी मेले आणि कोठे मेले या दोन गोष्टींवरून ते कशाने मेले याचा पुष्कळ अंदाज बांधता येतो. त्यामुळे आपली चाळीसएक पिल्ले एकाच कारणाच्या खात्यावर मांडू नयेत. माझ्या मते येथे निदान तीन वेगवेगळ्या मरी एकापाठोपाठ झाल्या आहेत, आणि हॅचरी, गाडीवाला व शेजारी हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवू शकतात तेही त्यामुळेच.

मुळात एक दिवसाचे पिलू दाणापाण्याशिवाय प्रवास करू शकते, कारण कवच फोडण्याच्या आधी अंड्यातला उरलेला बलक बेंबीवाटे त्याच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते साधारण ७२ तास तग धरते, असे आपण सगळेच सांगत असतो. परंतु हे ७२ तास पिलू अंड्यातून बाहेर आल्यापासून मोजायचे असतात. डबा गाडीत चढल्यापासून मोजायचे नसतात. उबवणी यंत्रातली अंडी अठराव्या दिवशी हॅचर यंत्रात हलवतात आणि पिल्ले एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे निघतात. ती सगळी एकाच वेळी निघत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त अंतर पडते. बहुतेक पिल्ले निघून अंग सुकल्यावर ट्रे बाहेर काढतात, मग निवड, मोजणी, मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस, डब्यात भरणे आणि गाडीची वाट पाहणे हे सगळे होते. म्हणजे डब्यावर ‘एक दिवसाची पिल्ले’ असे लिहिलेले असले तरी त्यातली काही पिल्ले गाडी सुटते वेळीच दीड दिवसाची असू शकतात. आपल्या बाबतीत त्यात रात्रभराचा प्रवास आणि घाटातला खोळंबा यांची भर पडली. त्यातून हॅचरीने आदल्या दिवशीच्या पुंजातला, म्हणजे एका खेपेला निघालेल्या पिल्लांतला, माल भरला असेल, तर हिशोब आणखी बिघडतो, म्हणून पुंजा कोणत्या तारखेला आणि किती वाजता काढला हे हॅचरीला लेखी विचारावे.

आता डब्यातली अकरा पिल्ले. मेलेली सगळी गोणीच्या बाजूला आणि मोकळ्या बाजूला एकही नाही, हा पुरावा बोलका आहे. शंभर पिल्लांच्या अंगाची ऊब थोडीथोडकी नसते. ती भोकांतून बाहेर गेली नाही तर आतली हवा तापते, दमट होते आणि पिल्ले चोच उघडून धापा टाकू लागतात. उघडी चोच आणि ओलसर लव ही उष्णतेची आणि गुदमरण्याचीच लक्षणे आहेत. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ साली कोंबड्यांच्या वाहतुकीचा भाग घातला गेला. पिल्ले निघाल्यावर लगेच भरून रवाना करावीत, ऊन, पाऊस आणि उष्णता यांपासून डबे दूर ठेवावेत, डबे सपाट न्यावेत आणि त्यांच्यावर किंवा भोवती दुसरा माल रचू नये, असे त्यात सांगितलेले आहे. प्रवासाआधी आणि प्रवासात पिल्लांना दाणापाणी देऊ नये असेही त्यात आहे. तेव्हा हॅचरीने डब्यात खाद्य ठेवले नाही ही तक्रार कोणी करू नये.

दुसरी मर पहिल्या दोन दिवसांतली. वाळल्यासारखी होऊन गेलेली पिल्ले ही बहुधा प्रवासात पाणी आटलेली पिल्ले होती. अशा पिल्लाच्या पायाचे कातडे सुरकुतते, नडगीवरची शीर गडद उठून दिसते आणि हातात घेतल्यावर ते कागदासारखे हलके लागते. त्याला ब्रूडरमध्ये पाणी मिळाले तरी सगळी सावरत नाहीत. येथे आपल्या ब्रूडिंगला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

तिसरी मर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनची, आणि ती मला जास्त खटकते. फुगलेले पोट, बेंबीपाशी काळपट ओल आणि चिकटलेले ढुंगण हे वर्णन बेंबीच्या दाहाचे, म्हणजे पोटातल्या बलकाला जंतुसंसर्ग झाल्याचे आहे. ई. कोलाय आणि तत्सम जंतू न मिटलेल्या बेंबीतून आत शिरतात. याची मुळे बहुतेक वेळा घाणेरडी अंडी उबवणीला ठेवणे, हॅचरची नीट स्वच्छता न होणे किंवा यंत्रातली आर्द्रता बिघडणे यांत असतात. संसर्ग झालेले पिलू पहिले एक-दोन दिवस चांगले दिसते आणि मग पडते, म्हणून ‘चढवताना ठणठणीत होती’ हे हॅचरीचे वाक्य खरे असूनही उपयोगाचे नाही. एक पुस्ती जोडतो: पिल्लाला थंडी वाजली किंवा त्याचे पाणी आटले तरीदेखील बलक जिरण्याचे थांबते. त्यामुळे पोटात बलक सापडला एवढ्यावरून हॅचरी दोषी ठरत नाही. तो बलक हिरवट-तपकिरी, पातळ आणि दुर्गंधीयुक्त आहे की नुसताच पिवळा उरलेला आहे, हे पिलू फाडून पाहावे लागते.

म्हणून आता एखादे पिलू दगावले तर ते पुरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये मात्र गोठवू नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्या. मरणाच्या पंथाला लागलेले एखादे जिवंत पिलू सोबत नेता आले तर अधिक चांगले. गरज पडल्यास तेथील डॉक्टर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

उरलेल्या पिल्लांसाठी ब्रूडरचे तापमान थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धरून मोजावे. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवावे. थर्मामीटरपेक्षाही पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गोळा होऊन किंचाळत असतील तर गारठली आहेत, ब्रूडरभोवतीच्या कड्याला टेकून पंख सोडून धापा टाकत असतील तर भाजत आहेत आणि सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर छेडछाड करू नये. माणदेशी यांचा दोन वॅटचा हिशोब थंडीत ठीक आहे, पण एप्रिलच्या दुपारी कोकणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच बल्ब पिल्ले मारतील. दुपारी बल्ब विझवावे लागतात आणि पहाटे पुन्हा लावावे लागतात. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी आत ठेवून दारे बंद करण्याचा प्रकार तर कृपा करून करू नये. सकाळी विषारी वायूने मेलेली पिल्ले मी फार पाहिली आहेत. कोकणातल्या दमट हवेत खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाला बुरशी लवकर धरते आणि ती श्वासात गेल्यावर पिल्ले तोंड वासून, पण घरघर न करता मरतात. भांड्याखालचे ओले तूस रोज काढून टाकावे.

अँटिबायोटिकच्या पुडीविषयी मी माणदेशी यांच्याशी सहमत नाही. निदान न करता पाजलेले औषध पाणी आटलेल्या पिल्लाच्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकते आणि जंतूही त्याला सरावतात. दुकानात जुन्या साठ्यातल्या ज्या पुड्या मिळतात, त्यांपैकी काहींत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक असे, आणि कोंबड्यांसह सर्व खाद्यपशूंमध्ये त्याचा वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केलेला आहे. बेंबीचा दाह ठरला तर औषध कोणते आणि किती, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

माणदेशी:

डॉक्टरसाहेब, कोलिस्टिनचे ठाऊक नव्हते, पुडीवरची नावे आता वाचून पाहतो. तरीही दवाखाना वीस किलोमीटरवर असलेल्या माणसाने डोळ्यांदेखत पिल्ले मरू द्यावीत काय, हा प्रश्न उरतोच.

ओहायोवासी मराठी यांचे उत्तर:

आमचे मूळ गाव साताऱ्याकडचे, परंतु आता अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि परसात थोड्या कोंबड्या पाळतो. येथे पिल्ले चक्क टपालाने येतात. अमेरिकेचे टपाल खाते १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले पोहोचवत आले आहे आणि त्याचा नियम डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या घड्याळावरच बेतलेला आहे: टपालात टाकताना पिलू २४ तासांपेक्षा मोठे नसावे आणि अंड्यातून निघाल्यापासून ७२ तासांच्या आत ते घेणाऱ्याच्या हाती पडावे. डबा पोहोचला की पहाटेच कार्यालयातून फोन येतो आणि मागच्या दाराने जाऊन तो घ्यायचा असतो. खोलीत शिरण्याआधीच चिवचिवाट ऐकू येतो, आणि एखाद्या वेळी तो ऐकू आला नाही तर काय समजायचे ते कारकुनालाही कळलेले असते.

इतकी जुनी व्यवस्था असूनही येथे अपघात होतात, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या ट्रॅव्हल्सवाल्यांमुळेच असे होते असा समज होऊ नये. २०२० च्या उन्हाळ्यात मेन राज्यात टपालाने आलेली हजारो पिल्ले मेलेली निघाली आणि त्यावरून संसदेच्या प्रतिनिधींनी टपाल खात्याला जाब विचारला. २०२५ च्या वसंतात डेलावेअर राज्यातल्या टपाल केंद्रात सुमारे १२,००० पिल्ले असलेली मालमोटार तशीच राहून गेली. तीन दिवसांनी ती उघडली तेव्हा त्यातली सुमारे ४,००० मेली होती आणि वाचलेली हजारो पिल्ले प्राण्यांच्या आसरा केंद्राला सांभाळावी लागली. हॅचरीला ती परतही घेता आली नाहीत, कारण बाहेर जाऊन आलेला पक्षी पुन्हा आत घेतला तर रोग येण्याची भीती असते.

येथल्या बऱ्याच हॅचऱ्यांचा दंडक असा आहे की डबा हाती आल्यावर एक-दोन दिवसांच्या आत मेलेल्या पिल्लांची संख्या कळवली तर तेवढी पिल्ले किंवा पैसे परत मिळतात. त्यासाठी आम्ही डबा कार्यालयातच कारकुनासमोर उघडतो. थंडीत पंचवीसपेक्षा कमी पिल्ले पाठवायला अनेक हॅचऱ्या तयार नसतात, कारण प्रवासात पिल्ले एकमेकांच्या उबेवरच जगतात. उन्हाळ्यात मात्र तीच दाटी अंगाशी येते. परसदार यांच्या डब्यात एप्रिलमध्ये प्रत्येक कप्प्यात पंचवीसच्या वर पिल्ले होती. हॅचरीला हवामान ठाऊक होते, तेव्हा थोडी विरळ भरता आली असती. माझ्या दृष्टीने गाडीवाल्याइतकाच हाही दोष आहे.

ग्राहकमित्र यांचे उत्तर:

भरपाईपुरते लिहितो. पावतीवर छापलेली ओळ म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. भोके झाकून गोणी रेटली असेल तर तो निष्काळजीपणा आहे आणि छापील अटीने तो आपोआप माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जेथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. समोरचा पक्ष ‘हा व्यापारी हेतूने केलेला व्यवहार आहे’ असा आक्षेप घेईल, हे गृहीत धरा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेला व्यवसाय त्या आक्षेपातून वगळलेला आहे, तेव्हा तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे.

परंतु चार-साडेचार हजार रुपयांसाठी आयोगाच्या तारखा करणे कितपत परवडते याचाही विचार करावा. माझा सल्ला असा की आधी पैसे भरल्याचा पुरावा, गाडीची पावती, डब्याची छायाचित्रे आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडून हॅचरीला लेखी मागणी करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात, कारण हॅचरीला धंदा नावावर करायचा असतो.

परसदार:

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तालुक्याच्या दवाखान्यात तीन पिल्ले नेली होती. तेथील मॅडमनी ती आमच्यासमोरच फाडली. दोघांच्या पोटात हिरवट, पातळ आणि घाण वास येणारा बलक होता आणि बेंबी आतून लाल झाली होती. तिसऱ्याचा बलक पिवळा होता, वास नव्हता, पण मूत्रपिंडे फिकट होती आणि त्यांत खडूसारखे पांढरे साचलेले दिसत होते. त्यांनी नमुना पुढे पाठवला आहे आणि उरलेल्या पिल्लांना पाच दिवसांचे औषध लिहून दिले आहे. मर आता थांबल्यासारखी आहे.

हा अहवाल हॅचरीला पाठवल्यावर त्यांचा सूर बदलला. दोष मान्य केलेला नाही, पण पुढच्या पुंजातली तीस पिल्ले विनामूल्य देतो असे म्हणतात. अट इतकीच की ती पुन्हा ट्रॅव्हल्सनेच येतील. घ्यावीत की नाही अशा दुविधेत आहोत. आमच्याकडे सध्या दोन गावठी कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसल्या आहेत. आलेली पिल्ले ब्रूडरऐवजी त्यांच्याखाली सोडली तर चालेल काय?

निवृत्त पशुधन विकास अधिकारी:

मूत्रपिंडातले पांढरे म्हणजे पाणी आटल्यामुळे साचलेले युरेट (युरिक आम्लाचे क्षार). म्हणजे तिसरे पिलू प्रवासाने गेले आणि पहिली दोन संसर्गाने. दोन्ही कारणे एकाच डब्यात होती असे म्हणता येईल. तीस पिल्ले जरूर घ्यावीत, मात्र अहवाल येईपर्यंत थांबावे. पिल्लांना आईकडून अंड्यावाटे येणारा साल्मोनेलाचा पांढऱ्या हगवणीचा रोग त्यात निघाला, तर त्याच कळपाची आणखी पिल्ले घरात आणणे शहाणपणाचे नाही आणि ती गोष्ट हॅचरीलाही कळवली पाहिजे. नवी पिल्ले जुन्या साठांत मिसळू नयेत. ब्रूडरचे तूस जाळून, जागा धुऊन, चुना मारून किमान दोन आठवडे मोकळी ठेवावी. जुन्या पिल्लांना डोळ्यात टाकायची, मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटाची लस पाच ते सात दिवसांत द्यायची असते; ती राहिली असेल तर आजारी पिल्ले सावरल्यावर मॅडमना विचारून द्यावी.

माणदेशी, दवाखाना दूर असेल तर आधी १९६२ ला फोन करावा आणि तोवर स्वच्छ कोमट पाणी, इलेक्ट्रोलाइट आणि योग्य ऊब एवढेच द्यावे. पहिल्या दिवशीच्या मरीवर पुडीपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

बचत गटाची ताई (यवतमाळ) यांचे उत्तर:

परसदारदादा, खुडूक कोंबडीचे आम्ही आमच्या गटात करतो, म्हणून लिहिते. पिल्ले दोन दिवसांच्या आतलीच असावी लागतात. त्यापेक्षा मोठी पिल्ले कोंबडीच्या आवाजाला सरावत नाहीत आणि तिच्याखाली टिकत नाहीत. कोंबडी निदान दोन आठवडे खोट्या अंड्यांवर पक्की बसलेली पाहिजे. आजच बसली आणि उद्या पिल्ले सोडली तर ती टोचून मारते. काळोख पडल्यावर, दिवा न लावता, हाताने एकेक अंडे काढून त्या जागी एकेक पिलू सरकवावे. सकाळी उजाडण्याआधी जवळ बसून पाहावे. ती ‘कुक-कुक’ करून पिल्लांना बोलावत असेल तर जमले. एकाही पिल्लावर चोच मारली तर सगळी लगेच काढून ब्रूडरमध्ये न्यावीत. म्हणून कोंबडी असली तरी ब्रूडर तापवून तयार ठेवायचाच.

आमची गावठी कोंबडी दहा-बारा पिल्ले नीट झाकते. आपल्या दोन कोंबड्यांखाली वीस-बावीस सोडून उरलेली बल्बखाली ठेवावीत. त्याआधी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीपाशी उवा आहेत का ते बघावे, कारण एवढ्याशा पिल्लाला उवा फार लवकर खंगवतात. ढालगज कोंबडी, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून पहिले दहा दिवस डालग्याखाली ठेवावे.

गाडीचे म्हणाल तर आम्ही आता पार्सलने मागवणे बंदच केले आहे. गावातल्या चार-पाच बायका मिळून मागणी एकत्र करतो आणि दोघी जणी गाडी करून पहाटे केंद्रावर जातो. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे नागपूर, पुण्याला खडकी, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तेथे आधी नोंदणी करावी लागते आणि नंबर लागायला वेळ जातो, पण पिल्ले कधी निघाली ते समोर विचारून घेता येते. डबा मांडीवर नाही तर सीटवर सपाट ठेवायचा, खिडकी थोडी उघडी, पण वारा थेट लागू द्यायचा नाही, आणि वाटेत चहाला थांबले तरी एकीने गाडीतच बसायचे.

हॅचरीची तीस पिल्ले घ्यायचीच असतील तर त्यांना तीन गोष्टी लिहून मागा: पुंजा काढल्याची वेळ डब्यावर टाकावी, एका कप्प्यात वीसपेक्षा जास्त भरू नयेत आणि डबा डिकीत न ठेवता वर, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवावा. केबिनमध्ये ठेवायला गाडीवाला वेगळे पैसे मागेल, ते द्यावेत. मृगाचा पाऊस पडून हवा थोडी थंडावली की मगच मागवा. मात्र तोवर तुमच्या कोंबड्यांची खुडूक उतरून जाईल, म्हणून एकीची खुडूक मोडण्यासाठी तिला अंडी न देता थंड जागी डालून ठेवा आणि दुसरीला दहा गावठी अंड्यांवरच बसवून टाका.